कोटातली माया

आज बोलायचं आहे पुरुषांच्या कोटाबद्दल. लग्नातल्या सुटाचा वरचा कोट, ज्याला आता दुकानात ब्लेझर म्हणतात, तोच. बायकांच्या कार्यक्रमात हा विषय कशाला, असं कुणाला वाटेल. म्हणून आधी पैशाचं बोलू.

कापूस विकून झाला की आपल्या केळापूर तालुक्यात लग्नं निघतात, आणि त्याच महिन्यांत गटांच्या बैठकीत कर्जाचे अर्ज वाढतात. कारणाच्या रकान्यात 'लग्नकार्य' एवढंच लिहिलेलं असतं. जरा विचारलं की त्यातून मांडव निघतो, जेवण निघतं आणि नवरदेवाचे कपडे निघतात. आपल्याकडे नवरदेवाचे कपडे बहुतेक ठिकाणी मुलीकडचेच करतात. म्हणजे सूट जावयाच्या अंगावर आणि हप्ता सासूच्या नावावर. समजा गटातून ६,००० रुपये घेतले, व्याज महिन्याला शेकडा २ रुपये, आणि दर महिन्याला ६०० रुपये मुद्दल फेडायचं. उरलेल्या रकमेवरच व्याज धरलं तरी दहा महिन्यांत ६६० रुपये व्याज होतं. सूट ६,६६० रुपयांना पडला. तो लग्नात चार तास घातला, दुसऱ्या वर्षी बटण लागेना म्हणून पेटीत गेला, तर त्या चार तासांचे पैसे आपण दहा महिने फेडत बसलो.

सुटाची कुणी मागणी केली असेल तर ती गोष्ट निराळी. मागून घेतलेला सूट हा हुंडाच झाला, आणि १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यात नुसती मागणी करणं हाही गुन्हा आहे. त्यावर वेगळं बोलू. आज आपण आपल्या खुशीने, आपल्या माणसासाठी जो कोट घेणार आहोत, त्याचंच बोलू. मुलासाठी असेल, जावयासाठी असेल, नाहीतर नोकरीच्या मुलाखतीला निघालेल्या भावासाठी असेल.

मला नेहमी एका गोष्टीचं नवल वाटतं. साडीच्या दुकानात बाई पदर उलटा करून बघते. ब्लाउज शिवायला टाकताना बजावून सांगते, "बाई, दोन्हीकडून माया ठेवजो बरं, दिवाळीपर्यंत अंग भरलं तर उसवता येईल." तीच बाई कोटाच्या दुकानात बाकावर बसून राहते. पोराचे मित्र कोट निवडतात, मोबाइलवर फोटो काढतात, आणि ती फक्त पिशवीतून पैसे काढते. अहो, कोटही शिलाईच आहे. त्यालाही खांदा असतो, मुंढा असतो, अस्तर असतं, माया असते. ब्लाउज ओळखणाऱ्या बाईला कोट ओळखायला अर्धा तास पुरतो.

पोरं निवडतात तो कोट अंगाला चिकटून असतो. कमरेत आवळलेला, लांबीला आखूड, कापड चमचम करणारं. दुकानात त्याला स्लिम फिट म्हणतात. मी सांगणार आहे तो जुन्या वळणाचा सैल, सरळ कापाचा कोट. छातीपासून खालपर्यंत तो सरळ उतरतो. कमरेला आवळण्यासाठी जे टक घेतात ते याला समोरून नसतात, किंवा अगदी नावापुरते असतात. खांद्यात जाड पॅड भरलेलं नसतं, खांदा माणसाचा जसा आहे तसाच दिसतो. इंग्रजीत अशा कोटाला सॅक कोट म्हणतात. सॅक म्हणजे पोतं. नावावरून नाक मुरडू नका. आपल्या आजोबांच्या पिढीतले पाटील, गुरुजी धोतरावर जो कोट घालायचे, तोही असाच सैल असायचा. खाली सदरा, त्याखाली बंडी, वरून कोट, आणि तसंच मांडी घालून पंगतीला बसायचं. आवळलेला कोट त्यांना चालणारच नव्हता.

याहून ओळखीचं उदाहरण गावोगावच्या चौकात उभं आहे. बाबासाहेबांचा पुतळा. निळा कोट, हातात पुस्तक. पुतळ्यापेक्षा त्यांचे जुने फोटो बघा. कोट अंगावरून मोकळा उतरलेला दिसतो, कुठे ताण नाही, आणि तरी माणूस भारदस्त दिसतो. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, तेव्हा अमेरिकेत कारकुनापासून प्राध्यापकापर्यंत सगळ्यांच्या अंगावर हाच सॅक कोट असायचा. ज्या समाजाला अंगभर नीट कपडा घालू दिला जात नव्हता, त्या समाजाला त्यांच्या कोटाने काय दिलं, हे आपल्या भागात कुणी कुणाला शिकवायची गरज नाही. नागपूरजवळ चिचोलीला शांतिवनात त्यांच्या वापरातले कपडे आणि वस्तू जपून ठेवल्या आहेत. दीक्षाभूमीला जाल तेव्हा जमलं तर तिथेही जाऊन या.

आता दुकानात जाऊ. पांढरकवड्यात घ्या, यवतमाळला घ्या, नाहीतर आपल्यातले कितीतरी जण पैनगंगा ओलांडून आदिलाबादला जातात तसे जा. दुकानदाराला सांगायचं, "स्लिम फिट नको, रेग्युलर किंवा क्लासिक फिट काढा." एवढ्या दोन शब्दांनी निम्मं काम होतं. जाताना पिशवीत मोजपट्टी टाका. आणि ज्याचा कोट आहे त्याने लग्नात घालायचा तोच शर्ट घालून यायचं. टी-शर्टवर कोटाचं माप कळत नाही.

कोट अंगात घातला की सगळ्यात आधी खांदा बघायचा. बाही जिथे खांद्याला जोडली आहे ती शिवण आणि खांद्याचं हाड जिथे संपतं ती जागा, या दोन्ही एकाच ठिकाणी याव्यात. शिवण दंडावर उतरली असेल तर कोट मोठा आहे. हाडाच्या आत राहिली असेल तर लहान आहे. मुलाला भिंतीला कड घेऊन सरळ उभं करा. भिंतीला आधी दंड टेकायला हवा. खांद्याचं पॅड आधी टेकलं तर तो कोट परत द्या. मी एवढं खांद्याचंच का सांगते, तर कोटात बाकी बरंच काही दुरुस्त होतं, खांदा होत नाही. करायचा तर बाही, कॉलर, अस्तर सगळं उसवावं लागतं, आणि त्या मजुरीत आपल्या एका साडीचे पैसे जातात. 'दोन नंबर मोठा घेऊ, पुढे बसेल' हा हिशेब शाळेच्या गणवेशाला ठीक आहे. सैल कोट म्हणजे मोठ्या मापाचा कोट नव्हे. खांद्यात नेमका आणि धडात मोकळा, असा तो असतो. मोठ्या मापाचा घेतला तर मागे झोळ पडतो, आणि वरातीत लोक विचारतात, "कोनाचा मागून आनला बे?"

खांद्यानंतर मान. मागून बघा. कोटाची कॉलर शर्टाच्या कॉलरला टेकून बसली पाहिजे, मध्ये बोट जाईल अशी फट नको. शर्टाची कॉलर अर्धा इंच वर दिसावी. मानेखाली आडवी वळी पडत असेल तर कॉलर वर चढली आहे. ते कारागिराला दुरुस्त करता येतं, पण रेडीमेड घेताना त्यापेक्षा दुसरा कोट घालून बघावा.

मग बटण लावायचं. तीन बटणं असतील तर मधलं, दोन असतील तर वरचं. शेवटचं बटण लावायचं नसतं, ते तसंच मोकळं ठेवायची रीत आहे. लावलेल्या बटणापासून दोन्ही बाजूंना वळ्या ताणून फुलीसारखी खूण पडली तर कोट घट्ट आहे. बटणाच्या आतून आपली मूठ घाला. मूठ सहज मावली पाहिजे. मोजपट्टीने बघायचं असेल तर बटण लावून कोट टेबलावर सपाट पसरा, बगलेखाली आडवं मोजा आणि दुप्पट करा. सैल कापाच्या कोटाचा हा घेर माणसाच्या छातीपेक्षा साधारण पाच-सहा इंच जास्त भरतो. स्लिम फिटमध्ये हीच मोकळीक तीन इंचांच्या आसपास असते. कोटावर ३८, ४०, ४२ असा जो आकडा असतो तो माणसाच्या छातीचा असतो, कोटाच्या घेराचा नव्हे. यात पुष्कळ लोक गोंधळतात.

लांबी सोपी आहे. मागून बसायची जागा पूर्ण झाकली गेली पाहिजे. हात सरळ सोडले तर कोटाची खालची कड अंगठ्याच्या टोकाच्या आसपास यावी. बाही मनगटाच्या हाडापर्यंत, आणि त्याखाली शर्टाची कड अर्धा इंच दिसावी. बाही एखादा इंच लांब असेल तर काळजी नको, ती आखूड होते.

आणि एक परीक्षा दुकानदार सांगत नाही, आपणच घ्यायची. आरशासमोर ताठ उभं राहिलं की कुठलाही कोट बरा दिसतो. पण नवरदेव दिवसभर ताठ उभा राहतो का? मुलाला सांगा, हार घालतात तसे दोन्ही हात वर कर. वाकून पाया पड. खुर्चीवर बस, मग खाली मांडी घाल. हात वर केल्यावर अख्खा कोट वर ओढला जात असेल तर मुंढा फार खाली कापला आहे. बायकांना हे पटकन कळेल, कारण ब्लाउजचा मुंढा खाली गेला की आपलंही हेच होतं. मुंढा बगलेच्या जवळ असेल तर हात मोकळा हलतो आणि कोट जागचा हलत नाही. पाया पडताना पाठीत काच बसला, तर त्या कोटाचा रंग कितीही आवडलेला असो, ठेवून द्या.

आता कोट अंगातून काढा आणि उलटा करा. दुकानदार म्हणेल, "काकू, आतून कायले पाह्यता?" म्हणू द्या.

आतून सगळ्यात आधी माया बघायची. पाठीच्या मधल्या शिवणीला आणि दोन्ही बाजूंच्या शिवणींना अस्तराच्या आत बोटांनी चाचपा. कापडाची दुमडलेली पट्टी जाणवते. प्रत्येक बाजूला पाऊण-एक इंच पट्टी असेल तर पुढे पोट सुटलं तरी कोट दीड-दोन इंच वाढवता येतो. लग्नानंतर पोरं भरतातच, सासरचं जेवण असतं. माया नावाला सूतभर असेल तर तो कोट एका वर्षाचा. पँटच्या मागच्या शिवणीलाही तशीच माया बघा. एकच कोट आधी थोरल्याच्या, मग धाकट्याच्या लग्नात वापरायचा असेल, तर भावाभावांत होणारा फरक या मायेतूनच निघतो. माझं तर म्हणणं असं, की भारी कापडाच्या पण मायेशिवायच्या कोटापेक्षा मध्यम कापडाचा, भरपूर मायेचा कोट घ्यावा.

दुसरं, छातीच्या आतला थर. कोटाचा पुढचा भाग ताठ राहावा म्हणून कापड आणि अस्तर यांच्यामध्ये एक थर घालतात. तो दोन प्रकारे घालतात. एकात कॅनव्हास टाक्यांनी शिवलेला असतो. दुसऱ्यात गोंद लावलेलं कापड गरम इस्त्रीने चिकटवतात, त्याला फ्युजिंग म्हणतात. खालच्या बटणाजवळ वरचं कापड एका चिमटीत आणि अस्तर दुसऱ्या चिमटीत धरून वेगळं करा. मध्ये तिसरा थर सुटा हलताना जाणवला तर कॅनव्हास आहे. वरचं कापडच जाड, चिकटलेलं लागलं तर फ्युजिंग आहे. आपल्या बजेटमध्ये फ्युजिंगच मिळणार, त्यात फसवणूक काही नाही. पण मग तो कोट बादलीत भिजवायचा नाही आणि फार तापलेली इस्त्री फिरवायची नाही. गोंद सुटला की छातीवर पापडासारखे फुगे येतात, आणि आलेले फुगे सहसा जात नाहीत. दुकानातल्या नव्या कोटावरही छातीजवळ उजेडात तिरकं बघा. बारीक खडबड दिसली तर चिकटवणं कच्चं आहे.

कापड ओळखायला मूठभर घट्ट चुरगाळा, दहा आकडे मोजा आणि सोडा. लोकर मिसळलेलं कापड उलगडतं. नुसतं व्हिस्कोस जास्त असेल तर सुरकुती तशीच राहते. पॉलिस्टर उलगडतं, पण हाताला गुळगुळीत आणि गरम लागतं. शिवायला कापड घेत असाल तर कडेचा एक धागा मागून घ्या आणि घरी, चिमट्यात धरून, चुलीपासून दूर जाळून बघा. लोकरीला केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. सूत किंवा व्हिस्कोस कागदासारखं जळतं. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. धाग्यातून दोन प्रकारचा वास आला तर कापड मिश्र आहे. मिश्र कापड वाईट नाही. मिश्र कापड शुद्ध लोकर म्हणून विकणं वाईट.

कापडाच्या किनारीवर मिलचं नाव असतं, ते वाचा. नुसत्या खोक्यावरच्या नावावर जाऊ नका. आहेरात खोक्यातले सूट पीस फिरत असतात, ते शिवायला देण्याआधी मोजा. ५८ इंच पन्ह्याचं कापड असेल तर मध्यम बांध्याच्या माणसाच्या कोट-पँटला सव्वातीन मीटरपर्यंत लागतं. खोक्यात त्याहून बरंच कमी भरलं तर ते पँट-शर्टचं आहे, कोट निघणार नाही. आणि एक गैरसमज आहे. यवतमाळजवळ लोहाऱ्याला रेमंडचा कारखाना आहे म्हणून त्या नावाचं सुटाचं कापड 'आपल्या यवतमाळचंच' असं कुणी सांगतं. लोहाऱ्याचा कारखाना डेनिमचा, म्हणजे जीन्सच्या कापडाचा. ती कंपनी १९२५ साली ठाण्याला लोकरीची गिरणी म्हणून सुरू झाली, सुटाच्या कापडाची ओळख तिथली.

बारीक गोष्टी झटपट सांगते. चौकड्याचं कापड असेल तर खिशावरची आणि पाठीच्या शिवणीवरची रेघ जुळली पाहिजे. बटण कापडाला घट्ट चिकटवून शिवलेलं नको, त्याला दोऱ्याची लहान मान हवी. काजातून दोरे निघत असतील तर कारागीर घाईत होता. अस्तराला पाठीत मध्यभागी एक उभी चुणी हवी, नाहीतर हात पुढे घेतला की अस्तर फाटतं.

रेडीमेड घ्यावा की शिवावा? माणूस साध्या बांध्याचा असेल तर रेडीमेड बरा, घालून बघता येतो. एक खांदा उतरता असेल, पाठ वाकलेली असेल, पोट पुढे असेल तर शिवावा. पोत्यांची ओझी वाहून एक खांदा खाली गेलेली कितीतरी माणसं आपल्याकडे आहेत, त्यांना दुकानातला कोट बसतच नाही. शिवताना मास्तरांना तीन गोष्टी सांगायच्या. "मास्तर, समोरून टक घेऊ नका, कोट सरळ उतरू द्या. माया एक इंच ठेवा. आणि कच्ची ट्रायल द्या." कच्ची ट्रायल म्हणजे पक्की शिलाई मारण्याआधी धावदोऱ्याने जोडलेला कोट घालून बघणं. ट्रायलला वेळ नाही म्हणणाऱ्या मास्तरांकडे टाकू नका. पण आपणही लग्नाच्या आठ दिवस आधी कापड घेऊन गेलो तर त्यांनी तरी काय करावं? निदान एक महिना द्या.

पाटणबोरीच्या एका ताईंनी विचारलं होतं, मे महिन्याच्या लग्नात कोट घालावा का. पारा ४४-४५ वर असताना पूर्ण अस्तराचा पॉलिस्टर कोट म्हणजे शिक्षाच. तिथी उन्हाळ्यातलीच असेल तर पाठीला अर्धंच अस्तर असलेला, हलक्या कापडाचा, फिक्या रंगाचा कोट बघा. सैल काप इथे खरा उपयोगी पडतो, अंग आणि कापड यांच्यामध्ये वारा फिरतो. नाहीतर सरळ सुती किंवा खादीचं जाकीट घ्या, स्वस्त पडतं आणि नंतर सभा-समारंभालाही चालतं. आणि मुलाला एवढ्या एकाच दिवसापुरता चमचमीत कोट हवा असेल, पुढे घालणारच नसेल, तर भाड्याने आणा. त्यासाठी कर्ज काढू नका.

घरी आणल्यावर कोट खिळ्याला टांगू नका, खांद्यात टोक येतं. रुंद हँगर घ्या, नाहीतर लाकडी हँगरच्या दोन्ही टोकांना चिंध्या गुंडाळून तो जाड करा. लग्नातून आल्यावर रात्रभर वाऱ्याला, पण उन्हात नाही, टांगून ठेवा. हळदीचे, अत्तराचे डाग तेव्हाच ओल्या फडक्याने टिपा, चोळू नका. ड्रायक्लीनिंग दर वेळी लागत नाही, ब्रशने धूळ झाडली तरी पुष्कळ होतं. पेटीत ठेवायचा असेल तर बाह्या आत घेऊन उलटा घडी करा, वर सुती फडकं, आणि पावसाळा संपला की एकदा बाहेर काढून वारा द्या.

दुकानातून निघण्याआधी बिलावर कापडाचं किंवा कोटाचं वर्णन, माप, आणि बाही किंवा पँट दुरुस्त करून देणार असतील तर त्याची तारीख लिहून घ्या. त्या तारखेला गेल्यावर कोट पुन्हा एकदा मुलाच्या अंगावर घालूनच ताब्यात घ्या, पिशवीत बांधून दिलेला आणू नका.